रिकामा चौकोन

१

दुपारची जेवणं आटोपली, की विश्राम तावडे आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. मग त्यांची मुलगी ऋजुता ओटा पुसायची, हात कोरडे करायची आणि हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. वर्तकनगरच्या या घरात ती लहानाची मोठी झाली होती. आता तिचं स्वतःचं घर डोंबिवलीला, मानपाड्यात. पण बाबांना बाजारात चक्कर आल्यापासून ती इथेच मुक्काम ठोकून होती. इन्स्टिट्यूटने घरून काम करायला परवानगी दिली होती. तिचं काम आकाशातलं. ते कुठूनच दिसत नाही, म्हणून कुठूनही करता येतं.

कॉलनीत तिच्या कामाबद्दल भलतेच गैरसमज होते. ‘मी ताऱ्यांचे एक्स-रे बघते’ एवढं एकदा तिच्या तोंडून गेलं आणि त्याच आठवड्यात बिल्डिंगमधल्या निम्म्या काकू आपापल्या गुडघ्यांची पाकिटं घेऊन जिने चढून आल्या. तिनेही एकेक एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, मान डोलावली आणि परत केला. काकू खूश होऊन गेल्या.

खरं काम होतं ते एका मेलेल्या ताऱ्याचं. अख्ख्या सूर्याचा ऐवज दाबून दाबून ठाणे ते कल्याण एवढ्या जागेत बसवलेला. त्याची चुंबकीय ताकद इतकी अचाट, की ऋजुता शाळांमध्ये भाषण द्यायला गेली की तो आकडा सांगायचंच टाळायची, मुलं हसायची. काही सेकंदांत हा तारा स्वतःभोवती एक फेरा घेतो, आणि वर्षागणिक मंदावत जातो. त्याच्याभोवती एक्स-रेच्या उजेडाचा फिकट ढग दिसतो, तेजोमेघ. हा ढग नक्की कशामुळे आहे, यावर ती गेली काही वर्षं डोकं झिजवत होती.

त्या दुपारी काम झकास चाललं होतं. पंख्याची घरघर, खाली रिक्षावाल्यांची बाचाबाची, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि कोपऱ्यात मशीनचा आवाज. खडखडखड करत एक टीप जायची, मग जरा उसंत, कापड फिरवल्याची सळसळ, पुन्हा खडखडखड, मग कात्रीचा एक चावा. या आवाजात तिने दहावीची गणितं सोडवली होती, बारावी काढली होती. मन असं लागलं, की तिने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, “आई, चहा टाकू का?”

आणि मग तिची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. मशीन तर त्याच्याही आधी घरातून गेलं होतं. कोपऱ्यात फरशीवर त्याच्या चार लोखंडी पायांचे तांबूस डाग होते आणि बाकी काही नव्हतं. ऋजुता त्या डागांकडे बघत राहिली. मशीनने टीप पुरी केली, दोरा कापला गेला, आणि आवाज थांबला.

२

“आज जरा लवकरच बसली ती,” संध्याकाळी चहाच्या बशीत बिस्किट बुडवत बाबा म्हणाले.

“कोण?”

“कोण म्हणजे? तुझी आई. मशीनवर.”

हे त्यांनी पेपरातली हवामानाची बातमी सांगावी तसं सांगितलं. ऋजुताला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग लाज वाटली, कारण दुपारी तिनेही त्या आईला चहा विचारला होता.

“कधीपासून ऐकू येतंय तुम्हाला?”

“झाले की दोनेक महिने. तुला सांगितलं असतं, तर तू उचलून डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं असतंस. आधीच छातीचा डॉक्टर मागे लागलाय.”

छातीचा डॉक्टर मागे लागला होता ते खरंच. बाबांच्या हृदयाचे ठोके कमी पडत होते. पेसमेकर बसवा, साधं ऑपरेशन आहे, दोन-तीन दिवसांत घरी, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं होतं. पुढच्या वेळी चक्कर जिन्यात आली तर काय होईल, हेही सांगितलं होतं. बाबा दर वेळी हो म्हणायचे आणि तारीख आली की काहीतरी खुसपट काढायचे. त्या खुसपटांमागे काय आहे ते ऋजुताला आज कळलं.

“मी तिकडे जाऊन पडलो, आणि इकडे ती मशीनवर बसली, तर?” बाबा म्हणाले. “घरात कुणी नाही बघून उठून गेली तर? परत येईलच असं थोडंच आहे?”

“बाबा, आई नाहीये.”

“अगं, मला माहीत नाही का? मीच अग्नी दिलाय.” ते हसले. “पण झोप काय लागते सांगू! वागळे इस्टेटला नाइट शिफ्ट करून यायचो ना, तेव्हा लागायची तशी. सगळे म्हणायचे, तावडे, त्या खडखडाटात झोपता कसे? मी म्हणायचो, मशीन थांबलं तर जाग येते मला.”

ऋजुतालाही ते आठवलं. पेपर तोंडावर घेऊन जमिनीवर झोपलेले बाबा, त्यांना ओलांडून मापं द्यायला येणाऱ्या कॉलनीतल्या बायका, दिवाळीच्या आधी खुर्च्यांच्या पाठीवर लोंबणारे ब्लाउज, सगळ्या घरात नव्या कापडाचा खळीचा वास. शेवटी शेवटी आईचे गुडघे पार कामातून गेले, तरी तिने शिवण लगेच सोडलं नाही. मग बाबा तिच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून बसायचे आणि मशीन चालवायचे. पाय त्यांचे, हात तिचे. ‘हळू हो, मी काय कंपनीतलं लेथ मशीन आहे?’ म्हणून ती ओरडायची आणि बाबा मुद्दाम जोरात पाय मारायचे. ते आठवून ऋजुताला एकदम भरून आलं. घर तेव्हा किती भरलेलं होतं, आणि आपल्याला तेव्हा त्याचा किती कंटाळा यायचा, असं तिला वाटलं.

पण ठोके कमी पडत होते. बाबांना त्या हॉस्पिटलात न्यायचंच होतं, आणि त्यासाठी आवाज कुणाच्या मशीनचा आहे ते शोधून त्यांना दाखवणं भाग होतं.

३

आवाज म्हटला की त्याला उगम असतो, हे ती विज्ञानाची माणूस म्हणून जाणून होती. शिवाय जुन्या बिल्डिंगच्या भिंती चुगलखोर. कुठला आवाज कुठे नेऊन सोडतील याचा नेम नाही.

वरच्या घराला कुलूप होतं. खालच्या घरात दिशा राहायची, आयटीत काम करणारी, नुकतं लग्न झालेली. तिने दार उघडून सगळं ऐकून घेतलं.

“शिलाई मशीन? ताई, मला साधं बटन लावता येत नाही. सासूबाई त्यावरूनच बोलतात. पण दुपारी आवाज येतो ना, तो तुमच्याकडून येतो. मी कॉलवर असते तेव्हा मस्त वाटतं. मला वाटलं तुम्ही शिवता.”

म्हणजे बाहेरच्या माणसालाही ऐकू येत होतं. ऋजुताला त्याने बरं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही.

रविवारी ती ठाकुर्लीला गेली. आईचं मशीन तिथे शेवंतीकडे होतं. शेवंती आईच्या हाताखाली शिवण शिकलेली. आता स्टेशनजवळ पिको-फॉलचं छोटं दुकान चालवत होती. तिने ऋजुताला बघितल्यावर दाढेतली सुपारी थुंकली, पदराने स्टूल पुसलं आणि आधी पाच मिनिटं आईची आठवण काढून डोळे टिपले.

“मशीन ना? हे काय समोर. लोण्यासारखं चालतं अजून. बाईंचा हात लागलेला.”

मशीनचा काळा डोक्याचा भाग एका प्लायवूडच्या टेबलावर बसवला होता. शेवंतीने बटण दाबलं. भुर्रर्र असा एक घाईचा आवाज झाला आणि कापड सरकलं.

“आणि खालचं? पायाचं?”

“ते कवाच काढलं, ताई. मोटर लावून घेतली. माझे बी गुडघे आता बोंबलायला लागले ना. ते सगळं लोखंड भंगारवाल्याला दिलं. वितळलं पण असेल एव्हाना.” मग ती जरा ओशाळली. “तुमाला पायजे होतं का? मी विचाराया पायजे होतं.”

“नको गं, असंच विचारलं,” ऋजुता म्हणाली.

परत येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जो आवाज ती रोज दुपारी ऐकत होती, तो करणारं लोखंड जगात कुठेच उरलेलं नव्हतं.

४

गंमत अशी, की याच गोष्टीने तिला धीर आला. तिच्या धंद्यात हे रोजचंच होतं.

ताऱ्याभोवतालच्या त्या ढगाचे दोन अर्थ लागू शकत होते. एक असा: पूर्वी कधीतरी तारा जोराने भडकला. त्याचा काही उजेड सरळ आपल्याकडे आला. काही वाटेतल्या धुळीवर आपटून लांबच्या रस्त्याने, उशिरा पोचतोय. मग तो ढग म्हणजे निव्वळ मागे रेंगाळलेला उजेड. तारा आता त्याला काही देत नाही, आणि तो हळूहळू विरून जाईल. दुसरा अर्थ असा: तारा आजही स्वतःतून काहीतरी बाहेर फेकतोय, ढग त्यावर जगतोय, आणि त्यापायी तारा मंदावतोय.

मशीनचा आवाज पहिल्या प्रकारचा असला तर? लांबच्या रस्त्याने उशिरा आलेला? हे कुठल्याच पुस्तकात बसत नव्हतं, ते तिलाही कळत होतं. पण असं मानलं, की भीती नाहीशी होत होती आणि नुसती माया उरत होती. आवाज विरेल, बाबा आपोआप हॉस्पिटलला तयार होतील. तोवर दोघांनी ऐकून घ्यावा. विरतोय की नाही, एवढं मोजलं की झालं.

मोजायची रीत तिच्या हाताशी होती. दुर्बिणीच्या चित्रात सगळीकडे बारीक खरखर असते. म्हणून चित्रातला एक रिकामा चौकोन निवडायचा, जिथे काहीच नाही, कोरं आकाश. त्यातली खरखर मोजायची आणि सगळ्या चित्रातून वजा करायची. उरतं ते खरं. तिने तसंच केलं. स्वतःचा मोबाइल हॉलच्या कोपऱ्यात ठेवला आणि बाबांचा जुना मोबाइल आतल्या खोलीत, त्यांच्या उशाशी. आतल्या खोलीचं दार बंद असायचं. तिथे मशीनचा आवाज पोचतच नव्हता. नुसता पंखा, रिक्षा आणि बाबांचा श्वास. हा तिचा रिकामा चौकोन. हॉलमधून तो वजा केला, की निखळ मशीन उरत होतं.

बाबा मात्र छातीठोकपणे म्हणायचे, की त्यांना आत झोपेतही स्पष्ट ऐकू येतं. ऋजुताने ते म्हाताऱ्या माणसाच्या हट्टावर ढकललं.

रोज दुपारी ती आवाज टिपत होती आणि रोज तो कमी भरत होता. उताराची रेघ इतकी देखणी आली, की तिला ती बाबांना दाखवावीशी वाटली. आवाज विरत होता.

मग तिने भीती सोडून दिली आणि त्या दुपारी मनसोक्त जगून घेतल्या. ती लॅपटॉप उघडायची पण काम करायची नाही. हनुवटीखाली हात घेऊन कोपऱ्याकडे तोंड करून बसायची. ही अस्तराची टीप, ही बाहीची, आता गळ्याची गोलाई, इथे आई श्वास रोखते. कधी कधी तिला वाटायचं की खळीचा वास येतोय. ती लहानपणीसारखी टेबलावर डोकं टेकून पडायची आणि रडायचीही, पण ते रडणं गोड होतं. हे संपणार म्हणून तिला आता वाईट वाटू लागलं होतं, आणि हॉस्पिटलची तारीख तिने स्वतःच आणखी थोडी पुढे ढकलली.

बाबा दुपारी जास्त वेळ झोपू लागले होते. उठले की त्यांना पलंगावरून हॉलपर्यंत यायला भिंत धरावी लागत होती.

५

रत्नदीप तिचा पुण्यातला सहकारी. दोघं मिळून ताऱ्याचा पेपर लिहीत होते. त्याचा फोन आला तेव्हा सकाळ होती आणि ती गवार मोडत होती.

“ऋजुता, बसली आहेस ना? आपण माती खाल्लीय.”

“काय झालं?”

“तुझा बॅकग्राउंडचा चौकोन. तो रिकामा नाहीये गं. ढग आपल्याला वाटला त्याच्यापेक्षा मोठा आहे. त्याचाच उजेड चौकोनात सांडतोय, आणि आपण तोच वजा करत बसलोय. मूळ वस्तूतून मूळ वस्तू वजा! मग काय, ढग विरतोय असंच दिसणार. मी चौकोन लांब नेऊन परत केलं. काही विरत-बिरत नाहीये. जसाच्या तसा आहे. उलट तारा तेवढा मंदावलाय. म्हणजे खरा तेजोमेघ, ताऱ्याच्या जिवावर जगणारा. अगं, हे जास्त भारी आहे! पेपर उलटा लिहावा लागेल, पण... हॅलो? आहेस ना?”

“आहे,” ती म्हणाली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

फोन ठेवल्यावर तिने लॅपटॉप उघडला. हॉलमधली रेकॉर्डिंग एकामागून एक लावली, काहीही वजा न करता. आवाज कुठेच विरला नव्हता. पहिल्या दिवशी होता तेवढाच कालही होता, कदाचित जरा जास्तच. फक्त टाके सावकाश पडत होते. पहिल्या दिवशीची घाईची खडखड आता खड... खड... अशी झाली होती. विरणं वेगळं आणि मंदावणं वेगळं, हे तिला शाळकरी मुलांना समजावून सांगता आलं असतं.

मग तिने इअरफोन लावले आणि आतल्या खोलीची, रिकाम्या चौकोनाची रेकॉर्डिंग ऐकली. पंखा. रिक्षा. बाबांचा श्वास. आवाज वाढवला, तेव्हा त्या सगळ्याच्या तळाशी एक बारीक घासल्यासारखा आवाज ऐकू आला. चादरीवर काहीतरी घासत होतं. पुढे, मागे. पुढे, मागे. दिवसेंदिवस हा आवाज जोर धरत गेला होता.

तिने दोन्ही खोल्या एकत्र वाजवल्या. दोन्हीकडे ताल एकच होता. आणि प्रत्येक टाक्याच्या आधी, अगदी जरासं आधी, चादर घासली जात होती.

६

त्या दुपारी मशीन सुरू झाल्यावर तिने कोपऱ्याकडे बघितलं नाही. ती सरळ आतल्या खोलीच्या दारापाशी गेली, दार ढकललं, पडदा बाजूला केला आणि आत शिरली.

बाबा उताणे झोपले होते. तोंड किंचित उघडं, चेहरा राखेच्या रंगाचा, गळ्याशी घाम. उजवं पाऊल चादरीवर चाललं होतं. टाच, चवडा. टाच, चवडा. चादर त्या जागी विरून जाळीदार झाली होती. रोज ती चादर ऋजुताच झटकत होती आणि तिला ते दिसलं नव्हतं. टाच खाली गेली की मागे हॉलमध्ये टाका पडत होता.

त्यांच्या अंगावर मापाची टेप होती. पिवळी, मेणकापडाची, टोकाला पितळेची पट्टी असलेली. कपाळापासून छातीवरून, पोटावरून, पायावरून टाचेपर्यंत सरळ आणि तिथून पलंगाखाली. फरशीवरून ती दाराकडे गेली होती, पडद्याखालून बाहेर. ऋजुता आत्ताच त्या दारातून आली होती, तेव्हा फरशीवर काहीच नव्हतं.

ब्लाउजला कुणी टाचेपर्यंत माप घेत नाही, असा एक विचार तिच्या मनात आला. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने बाबांचं पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

हॉलमधलं मशीन थांबलं.

पाऊल तिच्या तळव्यांना ढकलत होतं. तिने घोट्याशी बोट लावलं. तिथे ठोका पडत होता, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी शांतता होती, की ती दर वेळी घाबरत होती. बाहेर स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. काचेच्या बांगड्या जराशा किणकिणल्या. मग पावलं, जड, डावा गुडघा सांभाळत टाकलेली. ती तिने लाखात ओळखली असती. पावलं पडद्यापाशी येऊन थांबली.

ऋजुताने मान वळवली नाही. पडद्याच्या खालच्या फटीत बघितलं तर काय दिसेल, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ज्या गोष्टीला बघायचं नव्हतं तिच्याच वासाने तिचा जीव कासावीस झाला होता. खळीचा, मशीनच्या तेलाचा, आईच्या मानेशी यायचा तो. टेप हळूच ताणली गेली आणि ताणलेलीच राहिली. काम अडलं की आई अशीच यायची. बोलायची नाही, दारात नुसती उभी राहायची, की मग घरातलं कुणीतरी आपण होऊन उठायचं.

धरून ठेवायचं, एवढंच करायचं होतं. तास, दोन तास, बाबांना जाग येईपर्यंत. आज, उद्या, परवा. मग जे आलं होतं ते कंटाळून गेलं असतं आणि घर शांत झालं असतं. हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं. आणि ती शांतता आत्ता, या क्षणी तिच्या कानांवर बसली होती. दोन वर्षं ती याच शांततेत मानपाड्याच्या घरी जेवत होती, भांडी घासत होती, झोपत होती. आई गेली तेव्हा ती रडली नव्हती. कामं फार होती. ते सगळं आत्ता एकदम वर आलं. तिला आई हवी होती. जी काही, जशी काही पडद्यामागे उभी होती, तशी.

बाबांचं पाऊल तिने सोडलं नाही. पण तिचं स्वतःचं उजवं पाऊल गार फरशीवर टेकलेलं होतं, आणि तिने ते पुढे दाबलं. मग मागे. टाच, चवडा.

पडद्यापाशी थांबलेली पावलं परत फिरली. स्टूल पुढे ओढलं गेलं. मशीन सुरू झालं, पहिल्या दिवसासारखं, तरुण, घाईचं.

बाबांनी मोठा श्वास घेतला. तिच्या हातातलं त्यांचं पाऊल ढिलं पडलं, गालांवर रंग आला, आणि ते कूस बदलून भिंतीकडे तोंड करून घोरू लागले. टेप त्यांच्या अंगावरून सरकत सरकत फरशीवर उतरली.

७

पेसमेकरला बाबा स्वतःच तयार झाले. ऑपरेशन सुरळीत पार पडलं. डॉक्टर म्हणाले, तब्येतीने इतकी उचल खाल्लेली फार कमी बघायला मिळते. आता ते सकाळी मित्रांबरोबर उपवनच्या तलावाला चक्कर मारून येतात, येताना मेथीची जुडी आणतात आणि ती नीट निवडली नाही म्हणून ऋजुताला बोलतात. दुपारी झोपत नाहीत. हॉलच्या कोपऱ्यात, त्या चार डागांवरच खुर्ची टाकून पेपर वाचतात.

ताऱ्यावरचा पेपर छापून आला. ढग खरा निघाला. तारा त्याच्यासाठी झिजतोय, हे आता सगळ्यांनी मान्य केलं. रत्नदीपने पेढे पाठवले. ऋजुता मानपाड्याला परत गेली नाही. जिना चढताना तिला मधल्या पायरीवर थांबावं लागतं. बाबांना वाटतं, की तिचं वजन वाढलंय.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, “ऋजू, थांबलं गं सगळं.”

“काय थांबलं?”

“मशीन. हॉस्पिटलच्या आधीच थांबलं. तुला सांगितलं नाही, उगाच तुझा जीव खाली-वर.” ते ताटातला भात कालवत राहिले, पण घास उचलेनात. “इतका कान देऊन बसतो कोपऱ्यात, काही नाही. तुला येतो का कधी आवाज?”

त्यांचे डोळे भरले होते. ऋजुताला वाटलं, की सांगून टाकावं. पण सांगितलं असतं, तर ते त्याच दुपारी आत जाऊन पलंगावर आडवे झाले असते.

“नाही, बाबा,” ती म्हणाली.

“बरं झालं. सुटली बिचारी. किती शिवायचं माणसाने!” त्यांनी डोळे पुसले आणि जेवायला लागले.

जेवणं आटोपली. ऋजुताने ओटा पुसला, हात कोरडे केले, आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि पलंगावर पडली. थोड्या वेळाने बाहेर, बाबांच्या खुर्चीपाशी, मशीन सुरू झालं. कापड लांबलचक असावं. कितीही शिवलं तरी संपत नव्हतं. तिच्या कपाळाला पितळेचं गार टोक टेकलं.

“ऋजू,” बाबांनी दारावर टकटक केली. “झोपलीस का गं? चहा टाकतोय मी.”

तिने ऐकलं. त्यांचा आवाज खणखणीत होता, आणि त्याचं तिला फार बरं वाटलं. पण टीप अर्ध्यावर होती, म्हणून तिने ओ दिली नाही.